पहिल्या पावलाची साक्ष

घरात पहिले मूल आले की आईबापांच्या बोलण्यात एकाएकी महिने येऊ लागतात. एरवी ज्या गृहस्थाला स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारून सांगावी लागते, तो उपासना संपल्यावर मंदिराच्या पायरीवर उभा राहून, "तिसऱ्यात मान धरली, पाचव्यात पालथी पडली, आता सातवा चालू आहे आणि आधाराशिवाय बसते," असे बिनचूक सांगतो. ऐकणारेही आनंदाने ऐकतात. आपल्या बेळगाव-निपाणी भागात "रांगायलंय काय?", "दात आलं काय?" असे विचारणे हा कुशलप्रश्नाचाच एक भाग आहे. नातवाला दात आला म्हणून कुंदा वाटणारे आजोबा आम्ही पाहिले आहेत. दात एक आणि कुंदा दोन किलो. हल्ली ही वार्ता मंदिराच्या पायरीपर्यंत तरी कोठे थांबते? बाळ पालथे पडले की पाच मिनिटांत मोबाईलवरून ते पुण्याच्या आत्याला आणि आखातातल्या मामाला दिसते.

या आनंदाच्या आड येण्याची आमची इच्छा नाही. परंतु बाळाच्या वाढीची वार्ता कोणाची असते, ती कोणी कोणास सांगावी, आणि न सांगणे हे केव्हा खोटे बोलणे ठरते, हा प्रश्न आम्हांस काही वर्षांपासून छळत आहे. तो आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. आमच्याच हातून एक चूक घडली, तीतून तो आला. शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून ती चूक आम्ही येथे मांडत आहो.

सीमाभागातील ज्या मंडळीत आम्ही शब्बाथशाळा चालवतो, तेथे क्रेडल रोल ठेवण्याची जुनी चाल आहे. मंडळीत मूल जन्मले की त्याचे नाव, जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख एका वहीत लिहावयाची, वाढदिवसाला एक कार्ड पाठवावयाचे आणि मूल तीन वर्षांचे झाले की त्याला शिशुवर्गात बसवावयाचे. एवढेच ते काम. एका वर्षी आम्हांला अधिक उत्साह आला. एक मोठा ड्रॉइंगचा कागद आणून त्यावर अकरा बाळांची नावे लिहिली आणि समोर रकाने आखले: मान धरली, पालथे पडले, बसले, दात आला, रांगले, उभे राहिले, पहिले पाऊल, पहिला शब्द. खडे बाजारातून सोनेरी चांदण्यांचे पाकीट आणले. उपासनेनंतर आईने येऊन सांगावे आणि आम्ही त्या त्या रकान्यात चांदणी चिकटवावी. तक्ता वर्गाच्या भिंतीवर, दारातून शिरताच दिसेल असा लावला. मंडळीला तो फार आवडला. जे बाप एरवी शब्बाथशाळेच्या खोलीकडे फिरकत नसत, तेही चांदण्या मोजू लागले. एक मुलगी दहाव्या महिन्यात चालली, तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या आणि पाळकसाहेबांनी आभाराच्या प्रार्थनेत तिचे नाव घेतले.

त्या तक्त्यावर एका मुलाची ओळ मोकळी राहू लागली. मान धरल्याची चांदणी उशिरा लागली, दाताची लागली, आणि पुढे काही नाही. आम्ही त्या भगिनींना भेटीगाठीत विचारीत असू. विचारण्यात आमचा काही वाईट हेतू नव्हता. बाळ वर्षाचे झाले त्या रविवारी आमच्यातील एकीने हसत विचारले, "आता तरी बसतो ना?" त्या म्हणाल्या, "बसतो की." आम्ही लगेच चांदणी चिकटविली. त्यानंतर त्या दोन महिने उपासनेस आल्या नाहीत. मूल आजारी आहे, माहेरी गेले आहे, असे निरोप येत. शेवटी पाळकीणबाई घरी गेल्या तेव्हा कळले की मूल बसत नव्हते. पाठीला उशी लावली तरी एका अंगाला कलत होते. आईला ते महिन्यांपूर्वीच समजले होते. परंतु तिने नवऱ्याला, सासूला, अंगणवाडीच्या बाईंना, कोणालाही सांगितले नव्हते. तायी कार्ड घेऊन वजनाला जाणेही तिने सोडले होते. (कानडीत तायी म्हणजे आई, आमच्या बायका मात्र त्याला सरळ ताईकार्ड म्हणतात.) पुढे बेळगावला डॉक्टरांना दाखविले तेव्हा मूल अठरा महिन्यांचे होत आले होते. पायांचे स्नायू ताठ होते; व्यायाम शिकविण्यात आले. लवकर आणले असते तर बरे झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. तो ठपका त्यांनी आईवर ठेवला. तक्त्याची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती.

त्या दिवशी घरी परत आल्यावर आम्ही तक्ता काढला. चांदण्यांचा गोंद चांगला होता. कागद फाटला, पण त्या निघाल्या नाहीत.

आम्ही जी चूक केली तिचा एक भाग अज्ञानाचा होता, तो आधी सांगून टाकतो. आमच्या रकान्यांमागे अशी समजूत होती की प्रत्येक गोष्टीचा एक महिना ठरलेला असतो आणि जो आधी पोचतो तो पुढे असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी बालकांची घरोघर जाऊन पाहणी केली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडील मुले दिल्लीची होती. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला आणि वर्षानंतर दोन महिन्यांनी, मूल दोन वर्षांचे होईपर्यंत, शिकविलेली माणसे जाऊन पाहात. त्यांना आढळले की आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान येते आणि स्वतःहून चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे एक मूल नवव्या महिन्यात चालले आणि दुसरे सतराव्यात, तर त्यांच्यात आठ महिन्यांचे अंतर असूनही दोघेही धडधाकट. शंभरांतील सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. सरळ उभी राहून चालू लागली. आमच्या तक्त्यात रांगण्याचा रकाना होता. त्या चौघांच्या आयांना आम्ही काय सांगणार होतो कोण जाणे!

मात्र या पाहणीतील खिडकी जशी रुंद आहे, तशी ती कोठेतरी बंदही होते. सव्वानऊ महिन्यांनंतरही मूल बसत नसेल, अठरा महिन्यांनंतरही चालत नसेल, तर वाट पाहात बसू नये, दाखवावे. आपल्या देशात २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतच अशी तपासणी होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पुढील उपचाराची सोय आहे. तेव्हा ज्या आईचे मूल मागे आहे तिने ते सांगणे अत्यंत जरुरीचे असते. आमच्या तक्त्याने नेमके तेच तोंड बंद केले. पुढे असणाऱ्यांना बोलावयास लावणारी जी जी गोष्ट आपण करतो, ती मागे असणाऱ्यांना गप्प बसविते, हे आम्हांला दीड वर्षाने कळले.

यावर काही वाचक म्हणतील, मग जुन्या बायकांचेच बरोबर होते. लेकराचे कौतुक बाहेर सांगू नये, काजळाचा टिळा लावावा, दृष्ट लागते. शब्बाथशाळेत आम्ही या समजुतीची पुष्कळ थट्टा केली आहे आणि ती भोळी समजूत आहे हे आम्ही आजही म्हणू. काजळाने काही टळत नाही. परंतु त्या चालीचा उगम कोठे असेल याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात असत. २०२३ सालचा आकडा २५ आहे. त्याच्या आधीच्या पिढ्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. कोणत्याही जुन्या दफनभूमीत जाऊन पाहावे, हातभर लांबीची थडगी किती आहेत ती. ज्या गल्लीत दर चार घरांआड एक रिकामा पाळणा असे, तेथे आपल्या बाळाचे बाळसे वेशीवर टांगणे हे निव्वळ असभ्यपणाचे होते. दृष्ट हे नाव चुकीचे असेल. शेजारणीच्या मनाला लागणारे मात्र खरे होते.

आणि केवळ बाळाचेच का? बाळंतीण जगली ही पहिल्या वर्षाची पहिली वार्ता, आणि आता ती आपण सांगावयाचीच विसरलो आहो. या शतकाच्या आरंभी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत, घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंच्या हाताखाली बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांचा अभ्यास झाला. बाळंतपणानंतर लगेच तोंडाने घ्यावयाच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. २००६ साली तो अभ्यास लॅन्सेट या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आला आणि जगभरच्या गरीब देशांना उपयोगी पडला. दर आठ-नऊ बाळंतिणींत एकीला असा धोका, तोही आपल्या डोळ्यांदेखत! त्यामुळे पायरीवर उभे राहून वार्ता सांगणाऱ्या त्या बापाला आम्ही गप्प बसा असे कधीही म्हणणार नाही. त्याच्या आनंदाच्या तळाशी सुटकेचा निःश्वास आहे. तो आभार मानतो आहे. फक्त आपण आभार मानीत आहो हे त्याला ठाऊक नसते, आणि म्हणून तो आभार हळूहळू बढाईकडे झुकतो.

तक्ता काढल्यानंतर शिक्षकांची बैठक झाली. एका वडिलांनी स्पष्ट म्हटले की त्या भगिनी खोटे बोलल्या, आणि तेही मंदिराच्या आवारात. याबद्दल त्यांच्याशी बोलले पाहिजे. बैठकीला नेहमीप्रमाणे एक आजीही आल्या होत्या. शिशुवर्गाला गोष्टी सांगावयास त्या येतात. तरुणपणी त्या निपाणीस तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. त्या म्हणाल्या, "खोटं म्हंजे कसलं? माझ्या सासूनं मला एक खोटं सांगितलं हुतं, ते ऐका आधी."

त्यांचे पहिले मूल अकरा महिन्यांचे असताना त्या पुन्हा वखारीत जाऊ लागल्या. तांबडे फुटताना निघावयाचे, दिवसभर तंबाखू चाळावयाची, अंगभर धूळ आणि खोकला घेऊन अंधार पडल्यावर परतावयाचे. मूल सासूपाशी. ते पांगुळगाडा धरून चालू लागले होते; आज सोडील, उद्या सोडील अशी स्थिती. आजी रोज घरात पाऊल टाकताच विचारीत, "आज चाललं काय?" आणि सासू म्हणे, "चालंल की. तुझी वाट बघायलंय." एका संध्याकाळी सासूने पोराला अंगणात मध्यभागी उभे केले आणि म्हणाली, "बस गं तिथं, हात पुढं कर." पोर दुडूदुडू चार पावले चालत येऊन आईच्या अंगावर पडले. आजींनी एवढ्या मोठ्याने हाक मारली की गल्ली गोळा झाली. गल्लीनेही मोठे आश्चर्य केले.

पुढे त्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा मांडवात एक शेजारीण बोलून गेली. पोर त्याआधी तीन दिवस चालत होते. सासूने साऱ्या गल्लीला तंबी दिली होती की हिच्यापुढे कोणी तोंड उघडावयाचे नाही. "तीन दिस गप बसणं सासूला किती जड गेलं असंल," आजी म्हणाल्या, "तुम्ही सासूला बघितलं न्हाईसा, एवढी बोलकी बाई!"

बैठकीत थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्याच वडिलांनी, आणि हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे होते, म्हटले की गोष्ट गोड आहे, परंतु तीही खोटीच. आईला जे पहिले पाऊल वाटले ते पहिले नव्हते. तिच्या आनंदाला आधार नव्हता.

हा आक्षेप हलका नाही. ऑगस्टीनने असत्यावर दोन प्रबंध लिहिले, एक ३९५ च्या सुमारास आणि दुसरा पंचवीस वर्षांनी, आणि दोहोंतही त्याने कोणत्याही हेतूने बोललेल्या खोट्याला मुभा दिली नाही. मिसर देशातील इब्री सुइणींनी फारोला थाप मारून नवजात मुलगे वाचविले, ही निर्गमातील गोष्ट त्याच्यापुढे होतीच. त्याचे उत्तर असे की देवाने त्यांच्या दयेचे फळ त्यांना दिले, थापेचे नव्हे. हे उत्तर आम्ही अनेकदा वाचले आहे, आणि प्रत्येक वेळी आम्हांला असे वाटले आहे की ऑगस्टीन त्या सुइणींच्या खोलीत कधी उभा राहिला नसावा. दया आणि थाप तेथे दोन वेगळ्या वाटांनी जात नव्हत्या. मूल जिवंत राहावयाचे तर त्याच तोंडाने, त्याच वाक्याने राहावयाचे होते.

तरीही सासूचे वाक्य आणि सुइणींचे वाक्य एक नव्हे. सासूपुढे कोणाच्या जिवाचा प्रश्न नव्हता. मग तिने काय केले? आम्हांला वाटते, तिने एक वार्ता तिच्या मालकिणीसाठी राखून ठेवली. पोराचे पाऊल सासूने पाहिले, गल्लीने पाहिले. परंतु ते पाहण्याचा पहिला हक्क जिचा, ती धुळीत तंबाखू चाळीत होती. सासूने त्या पावलाची बातमी दिली असती, तर सुनेला खरी माहिती मिळाली असती आणि पाऊल कायमचे गेले असते. "तुझी वाट बघायलंय" यात पोराविषयी खोटे असेल, घराविषयी नव्हते. घर खरोखरीच तिची वाट पाहात होते. येथे सत्याला थोडा धक्का लागला हे आम्ही मान्य करतो. वडिलांनी विचारले, तुम्ही स्वतः असे कराल काय? आम्ही उत्तर दिले नाही. आजही आमच्यापाशी ठाम उत्तर नाही. करू, असे वाटते, आणि मनाला थोडे लागेल, तेही लागावे असे वाटते.

पण सासूच्या चांगुलपणावर या गोष्टीचे ओझे टाकून आपण मोकळे होऊ नये. तिला ती लबाडी करावी का लागली? कारण अकरा महिन्यांच्या मुलाच्या आईला दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत घराबाहेर राहावे लागत होते. १९६१ च्या कायद्याने नोकरदार स्त्रियांना प्रसूतीची रजा मिळाली; २०१७ मध्ये ती बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. बिडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि त्यात बाळांसाठी खोलीची तरतूदही होती. कागदावर हे सर्व होते. परंतु वखारीत रोजावर राबणाऱ्या आणि घरी मजुरीने बिड्या वळणाऱ्या बायकांपर्यंत त्यातले फार थोडे पोचले. निपाणीच्या त्या स्त्रिया पुढे संघटित झाल्या, रस्त्यावर आल्या. युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट काढला. आपल्या मंडळ्यांतील किती जणांनी तो पाहिला असेल? आपल्या भागातील बाळांची पहिली पावले कोणी पाहिली आणि कोणाची हुकली, याचा हिशेब त्या वखारींच्या हजेरीपटात सापडेल. आम्ही चांदण्या चिकटवीत होतो, तेव्हा हा हिशेब आमच्या मनात कधी आला नाही. ज्या आया रविवारीही कामावर असत, त्यांच्या बाळांच्या चांदण्या कोण सांगणार होते? तशी दोन बाळे त्या तक्त्यात होती, हे आम्हांला हे लिहिताना आठवते आहे.

आता त्या दुसऱ्या खोट्याकडे येऊ. "बसतो की." सासूने दुसरीच्या आनंदासाठी सत्य लपविले. या भगिनींनी स्वतःच्या लाजेसाठी लपविले आणि त्यात मुलाचे नुकसान झाले. तराजूत घातले तर दुसरे जड आहे, यात शंका नाही. परंतु ते वाक्य कोणी बोलावयास लावले? आम्ही प्रश्न विचारला तो असा, की त्याला एकच उत्तर शोभत होते. आणि हातात चांदणी तयार होती. "शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष" या आज्ञेवर आम्ही कितीतरी पाठ दिले आहेत. ज्याने साक्षीदाराला कोपऱ्यात गाठून खोटे बोलण्यावाचून वाट ठेवली नाही, त्याच्याविषयी एकही दिला नव्हता. बैठकीत शेवटी ठरले की त्या भगिनींकडे जावयाचे, मात्र त्यांना समज देण्यासाठी नव्हे, क्षमा मागण्यासाठी. वडील स्वतः आमच्याबरोबर आले.

हे सर्व झाल्यावर आम्ही मुलाच्या बाजूने थोडा विचार करू लागलो. पाऊल आईचे की सासूचे, वार्ता कोणी सांगावी, हे सर्व वाद मोठ्या माणसांचे. ज्याचे पाऊल त्याला कोणी विचारीत नाही, आणि त्याला विचारताही येत नाही. चार्ल्स डार्विनला १८३९ च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला, तेव्हा त्याने जन्मापासून टिपणे ठेवली: सातव्या दिवशी तळव्याला कागद लावला तेव्हा पाय कसा झटकला, पंचेचाळिसाव्या दिवशी पहिले खरे हसू कसे आले. सव्वादोन वर्षांच्या त्या मुलाने खाऊचा शेवटचा तुकडा धाकट्या बहिणीला दिला आणि लगेच आपणच आपली वाहवा केली, हेही त्याने लिहून ठेवले. ही टिपणे त्याने छापली ती १८७७ साली. मुलगा तेव्हा सदतीस वर्षांचा होता. दुसऱ्या एका विद्वानाचा तसाच लेख वाचल्यावर त्याला आपल्या वहीची आठवण झाली. मुलाच्या अब्रूचा विचार करून तो थांबला होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु फळ असे झाले की ज्याची गोष्ट, तो ती वाचून हसण्याइतका मोठा झाला होता. आपल्या मोबाईलमधील बाळाला ही सवलत नाही. त्याचे अंघोळीचे चित्र त्याच्या बारशाच्या आधी आखातात पोचते.

पहिल्या शब्दाचे तर विचारूच नका. ज्या घरात आई चिकोडीकडची आणि बाप बेळगावचा, तेथे बाळाने ओठ मिटून "अम्‌" असा आवाज काढला की वाद सुरू. आईची बाजू म्हणते "अम्मा" म्हणाला, बापाची बाजू म्हणते "आई" म्हणत होता, मध्येच जांभई आली. रोमान याकोबसन या भाषापंडिताने १९६० साली दाखवून दिले की जगभरच्या भाषांत आईबापांची नावे सारखी वाटतात याचे कारण एवढेच, की ओठ मिटून काढलेले हे आवाज तान्ह्याला सर्वांत सोपे जातात. अर्थ आपण लावतो. १९५६ पासून आपला मुलूख कोणाचा यावर भांडण चालू आहे, ते २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निदान त्या आवाजाला तरी त्यात ओढू नये.

पवित्र शास्त्रात बाळांच्या प्रगतीच्या वार्ता फार कमी आहेत. येशूने पहिले पाऊल कोणत्या महिन्यात टाकले हे एकाही शुभवर्तमानात नाही. मरीयेने पुष्कळ गोष्टी मनात ठेवल्या असे लूक दोनदा सांगतो; त्या कोणत्या, हे सर्व सांगत नाही. आम्हांला मात्र या संदर्भात हन्ना अधिक आठवते. नवसाचे मूल, दूध तुटताच तिने शिलो येथे आणून एलीजवळ ठेवले. त्यानंतरचे एकही पाऊल, एकही नवा शब्द तिने पाहिला नाही. वर्षातून एकदा यज्ञाला जाताना ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींना यातील गोम लगेच कळेल: माप कोठून आणले? मूल समोर नाही. गेल्या वर्षीचा झगा मनात धरून, एवढे वाढले असेल, खांद्यात एवढे भरले असेल, असा अंदाज करून ती कापड कापीत असणार. कधी लांब झाला असेल, कधी आखूड. तिला वार्ता सांगणारे कोणी नव्हते आणि तिनेही ती कोणास सांगितली नाही. निपाणीच्या आजींना ही गोष्ट आम्ही सांगावयास दिली, तेव्हा त्यांनी शिशुवर्गात तेवढ्यावरच अर्धा तास घेतला.

क्रेडल रोलची वही अजून आहे. तीत नाव आणि तारखा एवढेच लिहितो. नव्या आईकडे आमच्यातील एक जण महिन्यातून एकदा जाते, बाळाला मांडीवर घेते आणि आईला "तू कशी आहेस?" असे आधी विचारते. पुष्कळदा उत्तर येण्यास वेळ लागतो. चांदण्यांचे उरलेले पाकीट कपाटात पडून आहे; ते नाताळच्या सजावटीला वापरावे असे कोणी सुचविले होते, पण अद्याप कोणी हात लावलेला नाही.

त्या मुलाचे व्यायाम चालू राहिले. आई त्याला आठवड्यातून दोनदा बसने बेळगावला नेई आणि घरी सासू तेल लावून पाय चोळी. तिसऱ्या वर्षी एका बुधवारी, मंदिर झाडण्याच्या वेळी, तो बाकाला धरून उभा राहिला आणि त्याने हात सोडून तीन पावले टाकली. आईने ते तेथे असलेल्या दोघी बायकांना दाखविले, आणखी कोणाला नाही. आम्हांला ती वार्ता महिन्याने कळली, तीही पाळकीणबाईंच्या तोंडून चुकून निसटली म्हणून. आम्ही काही विचारले नाही. पुढल्या रविवारी शिशुवर्ग चालू असताना तो भिंतीला धरून धरून आत आला, फळ्यापर्यंत पोचला आणि आमच्या हातातील खडू घेऊन गेला.